विल्यम कॅरी

विल्यम कॅरी (जन्म : १७ ऑगस्ट १७६१, पॉलर्सपरी, नॉर्दॅम्प्टनशर, इंग्लंड, मृत्यू : ९ जून १८३४, श्रीरामपूर, बंगाल) हे इंग्रज बॅप्टिस्ट मिशनरी, बायबलचे भाषांतरकार, भाषाभ्यासक, मुद्रक आणि वनस्पतींचे अभ्यासक होते. जोडे शिवण्याच्या धंद्यात उमेदवारी केलेल्या आणि विद्यापीठाचे तोंडही न पाहिलेल्या या गृहस्थाने भारतात सलग ४१ वर्षे काम केले. या काळात ते एकदाही मायदेशी परतले नाहीत. मराठी वाचकांना त्यांचे नाव मुख्यतः मराठी भाषेचे इंग्रजीतील व्याकरण (१८०५) आणि मराठी-इंग्रजी कोश (१८१०) यांमुळे परिचित आहे. मराठी लेखनात त्यांचे आडनाव 'कॅरी', 'केरी' व 'कॅरे' अशा तिन्ही रूपांत आढळते.

ख्रिस्ती परंपरेत 'पाचारण' आणि 'चिकाटी' या दोन कल्पनांच्या संदर्भात कॅरी यांचे उदाहरण वारंवार दिले जाते. आपल्या अंगी असामान्य बुद्धी नसून एकदा धरलेले काम नेटाने पुढे रेटण्याची सवय तेवढी आहे, असे ते स्वतःविषयी म्हणत. त्यांचा पुतण्या व चरित्रकार युस्टेस कॅरी याने हे मत नोंदवून ठेवले आहे. या चिकाटीची फळे मोठी होती, तशी तिची किंमतही मोठी होती, आणि ती एकट्या कॅरी यांनीच मोजली असे नव्हे.

(प्रस्तुत लेखातील श्रीरामपूर हे पश्चिम बंगालमधील हुगळी नदीकाठचे गाव होय, महाराष्ट्रातील त्याच नावाच्या गावाशी त्याचा संबंध नाही.)

बालपण आणि उमेदवारी

कॅरी यांचे वडील एडमंड हे विणकर होते. पुढे ते गावच्या शाळेत शिक्षक आणि चर्चचे कारकून झाले. पाच भावंडांत विल्यम सर्वांत मोठे. झाडे, पाखरे व किडे गोळा करण्याचा नाद त्यांना लहानपणापासून होता. मात्र उन्हात काम केल्यास त्वचेचा त्रास होत असल्याने शेतमजुरी जमेना, आणि किशोरवयात त्यांना पिडिंग्टन येथील क्लार्क निकोल्स या जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारीस ठेवण्यात आले. मालकाच्या घरी असलेल्या नव्या कराराच्या एका भाष्यात त्यांना ग्रीक अक्षरे दिसली. त्यांचा अर्थ जाणून घेण्याच्या ओढीने त्यांनी ग्रीक भाषेचा अभ्यास सुरू केला. पुढील काही वर्षांत लॅटिन, हिब्रू, डच व फ्रेंच या भाषाही त्यांनी बहुतांशी स्वतःच्या बळावर आत्मसात केल्या.

जॉन वॉर या सहकारी उमेदवाराच्या सहवासाने ते इंग्लंडच्या राजमान्य चर्चपासून दूर होऊन स्वतंत्र मंडळ्यांकडे वळले. ५ ऑक्टोबर १७८३ रोजी नॉर्दॅम्प्टन येथे नेन नदीत जॉन रायलंड यांच्या हस्ते त्यांचा बाप्तिस्मा झाला. तत्पूर्वी १० जून १७८१ रोजी डॉरोथी प्लॅकेट यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. डॉरोथी निरक्षर होत्या. विवाहाच्या नोंदवहीत त्यांनी सहीऐवजी खूण केलेली आहे. संसार दारिद्र्याचा होता. त्यांची पहिली मुलगी लहान वयातच तापाने दगावली.

१७८५ मध्ये कॅरी मोल्टन येथे राहावयास गेले. तेथे ते मुलांना शिकवीत, मंडळीचे पाळक म्हणून उपदेश करीत आणि या दोहोंच्या मिळकतीत भागत नसल्याने जोडेही शिवीत. कामाच्या जागी भिंतीवर त्यांनी कागद चिकटवून जगाचा एक मोठा नकाशा तयार केला होता, आणि प्रत्येक देशाविषयी मिळेल ती माहिती ते त्यावर लिहून ठेवीत. कॅप्टन कुक याच्या सागरप्रवासाची वृत्ते वाचून दूरदेशीच्या लोकांचा विचार त्यांच्या मनात घर करून बसला होता. १७८९ मध्ये ते लेस्टर येथील हार्वे लेन मंडळीचे पाळक झाले.

पाचारण आणि 'साधनां'चा वाद

ख्रिस्ती विचारात पाचारण म्हणजे देवाने माणसाला विशिष्ट कार्यासाठी दिलेली हाक. मध्ययुगात ही कल्पना मुख्यतः मठवासी व धर्मगुरू यांच्यापुरती समजली जाई. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर यांनी तिची कक्षा वाढविली आणि शेतकरी, कारागीर, गृहिणी यांचे प्रामाणिक काम हेही पाचारणच होय असे प्रतिपादन केले. तंबू शिवून पोट भरीत उपदेश करणारा प्रेषित पौल हा या विचाराचा आदर्श मानला जातो. कॅरी यांच्या दृष्टीने जोडे शिवणे आणि उपदेश करणे यांत विरोध नव्हता. पुढे कलकत्त्यात एका मेजवानीत कोणी त्यांच्या पूर्वीच्या धंद्याचा हेटाळणीने उल्लेख केला, तेव्हा आपण जोडे तयार करणारे नव्हे तर केवळ जुने जोडे दुरुस्त करणारे होतो, असे उत्तर त्यांनी दिल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे.

त्यांच्या काळातील खरा वाद मात्र वेगळा होता. अनेक बॅप्टिस्ट मंडळ्यांत कॅल्व्हिनच्या शिकवणुकीचा टोकाचा अर्थ रूढ झाला होता. तारण पावणाऱ्यांची निवड देवाने आधीच केली आहे; त्यामुळे दूरच्या लोकांस शुभवर्तमान सांगण्यासाठी माणसाने खटपट करणे अनावश्यक आहे, किंबहुना ते देवाच्या कामात ढवळाढवळ करण्यासारखे आहे, असा हा समज होता. अँड्र्यू फुलर यांनी १७८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या समजाला सैद्धांतिक उत्तर दिले. एका सभेत कॅरी यांनी हा विषय काढला असता एका वडीलधाऱ्या पाळकांनी त्यांना खाली बसविले, अशी हकीकत सांगितली जाते. तिच्या सत्यतेविषयी मतभेद आहेत.

१७९२ मध्ये कॅरी यांची पुस्तिका प्रसिद्ध झाली. इतर देशांतील लोकांच्या धर्मांतरासाठी 'साधने' वापरणे हे ख्रिस्ती लोकांचे कर्तव्य आहे काय, याचा शोध तिच्यात घेतला आहे. तिची मांडणी भावनेपेक्षा हिशेबावर अधिक उभी आहे. जगातील देशांची लांबी-रुंदी, लोकसंख्या आणि धर्म यांची कोष्टके तिच्यात दिली आहेत. अंतर फार, जिवाला धोका, अन्नपाण्याची अडचण, भाषा अनोळखी, असे आक्षेप एकेक करून घेतले आहेत. नफ्यासाठी व्यापारी जे कष्ट सोसतात ते धर्मासाठी सोसणे अशक्य कसे, असा त्यांचा प्रश्न आहे. देवाचे वचन आणि माणसाचे श्रम हे परस्परविरोधी नसून देव माणसाच्या श्रमांतूनच कार्य करतो, हा त्या पुस्तिकेचा निष्कर्ष होता. त्यांच्या पुढील आयुष्याचा पायाही हाच विचार होता.

संस्थेची स्थापना आणि प्रस्थान

१७९२ च्या मे महिन्याअखेर नॉटिंगहॅम येथे कॅरी यांनी यशया संदेष्ट्याच्या ५४ व्या अध्यायावर उपदेश केला. देवाकडून मोठ्या गोष्टींची अपेक्षा बाळगावी आणि मोठ्या गोष्टी करण्यास हात घालावा, हा त्याचा आशय पुढे घोषवाक्यासारखा रूढ झाला. २ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग येथे काही पाळक एकत्र आले आणि बॅप्टिस्ट मिशनरी संस्थेची स्थापना झाली. त्या दिवशी वर्गणीचे आकडे पडले ते १३ पौंड, २ शिलिंग आणि ६ पेन्स एवढ्या रकमेचे. फुलर हे संस्थेचे सचिव झाले.

बंगालमध्ये पूर्वी राहिलेले वैद्य जॉन टॉमस यांच्यासह कॅरी यांनी भारतात जावे असे ठरले. डॉरोथी यांनी प्रथम नकार दिला. त्या गरोदर होत्या, आणि आपल्या गावापासून त्या कधी फार दूर गेल्या नव्हत्या. कॅरी थोरल्या मुलाला घेऊन निघाले; परंतु ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नसल्याने त्यांना जहाजावरून उतरावे लागले. या विलंबात डॉरोथी यांचे बाळंतपण झाले. पुन्हा आग्रह झाल्यावर, धाकटी बहीण सोबत येणार असेल तर, या अटीवर त्या तयार झाल्या. १३ जून १७९३ रोजी हे कुटुंब चार मुलांसह एका डॅनिश जहाजातून निघाले आणि नोव्हेंबरमध्ये कलकत्त्यास पोहोचले.

बंगालमधील पहिली सात वर्षे

आरंभीचे दिवस हलाखीचे गेले. जवळचे पैसे संपले. कुटुंबाने काही महिने सुंदरबनच्या दलदलीत जमीन कसून राहण्याचा प्रयत्न केला. १७९४ मध्ये जॉर्ज उडनी या व्यापाऱ्याने माल्दा परिसरातील मदनावती येथील नीळ कारखान्याची व्यवस्था कॅरी यांच्याकडे सोपविली. नियमित उत्पन्न सुरू होताच त्यांनी संस्थेस कळविले की आता आपल्यासाठी पैसे पाठवू नयेत, ती रक्कम दुसऱ्या एखाद्या कार्यास लावावी.

त्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर हगवणीने वारला. परक्या धर्माच्या मुलाचे प्रेत उचलण्यास व थडगे खणण्यास माणसे मिळणे अवघड झाले. या आघातानंतर डॉरोथी यांचे मन ढासळू लागले. कॅरी स्वतः हिवतापाने वारंवार आजारी पडत. तरीही कारखान्याच्या कामातून उरलेल्या वेळात मुनशी रामराम बसू यांच्या मदतीने त्यांनी बंगाली भाषा पक्की केली, संस्कृतचा अभ्यास सुरू केला आणि नव्या कराराचे बंगाली भाषांतर तयार केले. गावोगाव हिंडून ते उपदेश करीत. परंतु या सात वर्षांत एकाही बंगाली माणसाने बाप्तिस्मा घेतला नाही.

श्रीरामपूरचे सहजीवन आणि छापखाना

१७९९ मध्ये जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड हे नवे मिशनरी बंगालमध्ये आले. कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांना मज्जाव असल्याने त्यांनी डॅनिश अंमलाखालील श्रीरामपूर येथे आश्रय घेतला. १० जानेवारी १८०० रोजी कॅरीही तेथे आले. मार्शमन शिक्षक होते, वॉर्ड मुद्रक होते आणि कॅरी भाषाभ्यासक. 'श्रीरामपूरचे त्रिकूट' या नावाने हे तिघे ओळखले जातात. सर्व कुटुंबांनी एका आवारात राहावे, मिळकत एकत्र करावी आणि प्रत्येकाने गरजेपुरती रक्कम घेऊन उरलेली कार्यास द्यावी, असा नियम त्यांनी केला. कॅरी यांना पुढे फोर्ट विल्यम कॉलेजात दरमहा ५०० आणि नंतर १००० रुपये वेतन मिळे. त्याचा मोठा भाग या सामाईक निधीत जाई.

२८ डिसेंबर १८०० रोजी कृष्ण पाल या सुताराचा हुगळी नदीत बाप्तिस्मा झाला. १८०१ मध्ये बंगाली नवा करार छापून निघाला. ठसे कोरण्यात निष्णात असलेले पंचानन कर्मकार आणि त्यांच्यानंतर त्यांचे जावई मनोहर कर्मकार यांनी श्रीरामपूरच्या ओतशाळेत अनेक भारतीय लिप्यांचे खिळे तयार केले. पुढे कागदाचा कारखानाही सुरू झाला आणि १८२० मध्ये त्यासाठी इंग्लंडहून वाफेचे यंत्र आणण्यात आले.

बायबलचे संपूर्ण भाषांतर सहा भाषांत (बंगाली, ओडिया, संस्कृत, हिंदी, मराठी व असमिया) आणि काही भागांचे भाषांतर आणखी सुमारे एकोणतीस भाषांत श्रीरामपूरहून झाले, अशी गणना सामान्यतः दिली जाते. हे काम एका माणसाचे नव्हते. प्रत्येक भाषेसाठी पंडित नेमलेले असत. बहुधा एखाद्या परिचित भाषेतील मजकुरावरून पंडित कच्चा खर्डा तयार करी, आणि कॅरी तो मूळ ग्रीक-हिब्रूशी ताडून दुरुस्त करीत.

दिनक्रम

कॅरी यांची काम करण्याची पद्धत १८०६ मधील त्यांच्या एका पत्रातून स्पष्ट होते. त्या पत्रात त्यांनी कलकत्त्यातील एका दिवसाचा हिशेब दिला आहे. पहाटे पावणेसहाच्या सुमारास उठून हिब्रू बायबलचा एक अध्याय आणि खाजगी प्रार्थना, नंतर नोकरमंडळींसह बंगालीत प्रार्थना, न्याहारीपूर्वी मुनशीबरोबर फारसीचे वाचन, न्याहारीनंतर पंडितासमवेत संस्कृत रामायणाचे इंग्रजी भाषांतर, दहा वाजल्यापासून दुपारपर्यंत कॉलेज, घरी आल्यावर मुद्रिते तपासणे, जेवणानंतर मुख्य पंडिताच्या साहाय्याने संस्कृत भाषांतर, त्यानंतर तेलुगूचा धडा, संध्याकाळी इंग्रजीत उपदेश, रात्री अकरापर्यंत बंगाली जुन्या कराराचे काम आणि निजण्यापूर्वी ग्रीक नव्या करारातील एक अध्याय, असा तो क्रम होता.

या यादीत विलक्षण असे एकही काम नाही. थोडेथोडे काम रोज ठरल्या वेळी करायचे आणि एक काम बदलून दुसरे घेणे हीच विश्रांती मानायची, ही त्यांची रीत होती. संस्कृत व्याकरण (१८०६), बंगाली कोश (१८१५ ते १८२५) यांसारखे मोठे ग्रंथ याच पद्धतीने पूर्ण झाले.

मराठीतील कार्य

कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकविण्यासाठी लॉर्ड वेलस्ली यांनी १८०० मध्ये कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज स्थापन केले. कॅरी १८०१ मध्ये तेथे बंगालीचे शिक्षक झाले; पुढे संस्कृत व मराठी हे विषयही त्यांच्याकडे आले. डिसेंबर १८०३ मधील देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यातील कटक प्रांत इंग्रजांकडे गेला होता. मराठी राज्यांशी कंपनीचा व्यवहार वाढत होता आणि मराठी जाणणाऱ्या अधिकाऱ्यांची गरज निर्माण झाली होती.

या पार्श्वभूमीवर १८०५ मध्ये कॅरी यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. पोर्तुगीज भाषेतील एक मराठी व्याकरण १७७८ मध्ये रोम येथे छापले गेले होते. इंग्रजीतील मराठी व्याकरणांत मात्र कॅरी यांच्या ग्रंथास आद्य स्थान दिले जाते. १८१० मध्ये त्यांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. त्यातील मराठी शब्द मोडी लिपीत छापले आहेत. मोडी ही त्या काळी दप्तराची व पत्रव्यवहाराची लिपी होती, आणि हा कोश ज्यांच्यासाठी होता त्या अधिकाऱ्यांस ती वाचता येणे आवश्यक होते. १८११ मध्ये मराठी नवा करार प्रसिद्ध झाला.

या कामात कॉलेजातील मराठीचे मुख्य पंडित वैजनाथ शर्मा यांचा वाटा मोठा होता. सिंहासन बत्तिशी (१८१४) आणि त्यापाठोपाठ निघालेली हितोपदेश व राजा प्रतापादित्याचे चरित्र ही श्रीरामपूरची मराठी पुस्तके त्यांच्याच नावाशी निगडित आहेत. मुद्रित मराठी गद्याच्या आरंभकाळात या पुस्तकांचा उल्लेख केला जातो.

मराठी मुलखापासून शेकडो कोस दूर, एकाच प्रदेशातील बोलीच्या आधाराने झालेल्या या लेखनाच्या मर्यादा लवकरच दिसून आल्या. श्रीरामपूरच्या मराठी बायबलची भाषा पश्चिम महाराष्ट्रातील वाचकांस परकी वाटे. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी नवे भाषांतर हाती घेतले. कोशाच्या क्षेत्रातही मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या कोशाने कॅरी यांचा कोश मागे टाकला. तथापि पुढील अभ्यासकांना कोऱ्या पाटीवर आरंभ करावा लागला नाही, हे या ग्रंथांचे महत्त्व होय.

१८१२ ची आग

११ मार्च १८१२ रोजी सायंकाळी श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागली. वॉर्ड व मार्शमन यांनी दारे-खिडक्या बंद करून ती कोंडण्याचा प्रयत्न केला. परंतु मध्यरात्रीनंतर इमारत जळून खाक झाली. कागदाचा प्रचंड साठा, अनेक लिप्यांचे खिळे आणि हस्तलिखिते नष्ट झाली. संस्कृतशी संबंधित अशा अनेक भाषांतील शब्द एकत्र आणणारा कॅरी यांचा बहुभाषिक कोश, व्याकरणांची हस्तलिखिते व रामायणाच्या भाषांतराचा भाग हे नुकसान पैशाने भरून येण्यासारखे नव्हते. कॅरी त्या रात्री कलकत्त्यात होते. दुसऱ्या दिवशी मार्शमन यांनी त्यांना ही वार्ता सांगितली.

छपाईची यंत्रे आणि खिळे पाडण्याचे मूळ ठसे व मातृका मात्र सुरक्षित राहिल्या होत्या. राखेतून वितळलेले शिसे गोळा करण्यात आले, जवळच्या एका रिकाम्या वखारीत ओतकाम सुरू झाले आणि काही आठवड्यांत छपाईचे काम पुन्हा मार्गी लागले. ज्या वाटेने एकदा गेलो ती दुसऱ्यांदा चालताना पाऊल अधिक खात्रीने पडते, अशा आशयाचे सांत्वन कॅरी यांनी स्वतःचे केले आणि भाषांतरे पुन्हा लिहावयास घेतली. वृत्त इंग्लंडला पोहोचताच सुमारे दोन महिन्यांत दहा हजार पौंडांच्या आसपास निधी जमला. या आगीनेच श्रीरामपूरचे कार्य इंग्लंडमध्ये घरोघरी माहीत झाले. बहुभाषिक कोश मात्र पुन्हा होऊ शकला नाही. चिकाटीने सर्व काही परत मिळते, हा समज या घटनेच्या आधारे करून घेणे योग्य नाही.

शिक्षण, समाजसुधारणा व वनस्पतिशास्त्र

१८१८ मध्ये श्रीरामपूर कॉलेजची स्थापना झाली. कोणत्याही जातीच्या व धर्माच्या विद्यार्थ्यांस तेथे प्रवेश होता. १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने सनद देऊन या संस्थेस पदव्या देण्याचा अधिकार दिला. १८१८ मध्येच 'समाचार दर्पण' हे बंगाली वृत्तपत्र श्रीरामपूरहून निघू लागले.

गंगासागर येथे मुले नदीत सोडण्याच्या प्रथेवर १८०२ मध्ये सरकारने बंदी घातली. त्यामागे कॅरी यांनी केलेली चौकशी होती. सतीच्या प्रथेविरुद्धही त्यांनी दीर्घकाळ प्रयत्न केले. ४ डिसेंबर १८२९ रोजी लॉर्ड बेंटिंक यांनी सतीबंदीचा कायदा केला, तेव्हा त्याचे बंगाली भाषांतर करण्याचे काम कॅरी यांच्याकडे आले. हे काम हाती आले तो दिवस रविवार होता. त्यांनी त्या दिवसाचा उपदेश दुसऱ्यावर सोपविला आणि दिवसभर बसून भाषांतर पूर्ण केले, कारण एका दिवसाच्या विलंबानेही काही स्त्रियांचा जीव गेला असता. सतीबंदीचे श्रेय अर्थातच राममोहन रॉय आदी अनेकांच्या प्रयत्नांस आहे.

वनस्पतींची लहानपणीची आवड कॅरी यांनी अखेरपर्यंत जोपासली. श्रीरामपूर येथे त्यांची मोठी बाग होती. १८२० मध्ये कृषी व उद्यानविद्येच्या संस्थेच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. विल्यम रॉक्सबर्ग यांच्या भारतीय वनस्पतींवरील ग्रंथाचे संपादनही त्यांनी केले. रॉक्सबर्ग यांनी एका वृक्षवंशास त्यांच्या नावावरून 'केरिया' हे नाव दिले आहे. सह्याद्रीच्या रानांत आढळणारा कुंभा हा वृक्ष याच वंशातील असून त्याचे शास्त्रीय नाव केरिया आर्बोरिया आहे.

उत्तरायुष्य

अखेरची वर्षे अडचणींची होती. १८२३ च्या महापुरात त्यांची बाग उद्ध्वस्त झाली. मालमत्तेची मालकी व कारभार यांवरून इंग्लंडमधील नव्या पिढीच्या संचालकांशी मतभेद वाढले आणि १८२७ मध्ये श्रीरामपूरचे कार्य मूळ संस्थेपासून वेगळे झाले. १८३० नंतर कलकत्त्यातील व्यापारी पेढ्या एकामागून एक बुडाल्या, त्यांत मिशनच्या ठेवीही गेल्या. याच सुमारास फोर्ट विल्यम कॉलेजातील प्राध्यापकपद रद्द होऊन त्यांचे उत्पन्न घटले. तरी बंगाली बायबलची अखेरची सुधारित आवृत्ती त्यांनी १८३२ मध्ये हातावेगळी केली. ९ जून १८३४ रोजी श्रीरामपूर येथे त्यांचे निधन झाले. थडग्यावर साधा दगड व मोजकी अक्षरे असावीत, अशी सूचना त्यांनी मृत्युपत्रात केली होती.

डॉरोथी कॅरी

कॅरी यांच्या अनेक जुन्या चरित्रांत डॉरोथी यांचा उल्लेख पतीच्या कार्यातील अडथळा असा येतो. अलीकडील अभ्यासकांनी हे चित्र तपासून पाहिले आहे. इच्छेविरुद्ध केलेला प्रवास, परका मुलूख, आजारपणे आणि पीटरचा मृत्यू यांनंतर सुमारे १७९५ पासून त्यांना तीव्र मानसिक आजार जडला. त्यांना भ्रम होत आणि अनेकदा खोलीत बंद ठेवावे लागे. त्या काळी अशा आजारावर परिणामकारक उपाय नव्हता. शेजारच्या खोलीत कॅरी पंडितांसह भाषांतर करीत असत. ८ डिसेंबर १८०७ रोजी डॉरोथी यांचे निधन झाले. कॅरी यांनी पुढे शार्लट रूमोर (मृत्यू १८२१) आणि त्यानंतर ग्रेस ह्यूज यांच्याशी विवाह केले.

कॅरी यांनी पत्नीस वेड्यांच्या रुग्णालयात धाडण्याचे टाळून घरीच सांभाळले, ही त्यांची निष्ठा मानली जाते. दुसरीकडे, पतीला आलेले पाचारण पत्नीने आपलेही मानावे ही अपेक्षा न्याय्य होती काय, हा प्रश्न त्यांच्या जीवनकथेतून वगळता येत नाही.

मूल्यमापन

कॅरी यांना 'आधुनिक मिशनकार्याचे जनक' म्हटले जाते. ही उपाधी काटेकोर नाही. बार्थोलोमेयस त्सीगेनबाल्ग १७०६ मध्ये तरंगंबाडी येथे आले होते आणि मोरेव्हियन मिशनऱ्यांचे कार्य १७३२ पासून चालू होते. कॅरी यांनी स्वतःच्या पुस्तिकेत या पूर्वसुरींचा आदराने उल्लेख केला आहे.

त्यांच्या भाषांतरांवर घाई, अतिसंस्कृत शब्दरचना आणि एकाच वेळी फार भाषांवर हात टाकणे हे दोष ठेवले जातात. त्यांतील बहुतेक भाषांतरे पुढे नव्याने करावी लागली. स्थानिक धर्म व चालीरीती यांविषयीचे त्यांचे मत त्यांच्या काळाच्या आणि पंथाच्या मर्यादांनी बांधलेले होते. रामराम बसू, मृत्युंजय विद्यालंकार, वैजनाथ शर्मा, कर्मकार कुटुंब अशा सहकाऱ्यांचे श्रम दीर्घकाळ कॅरी यांच्या नावाखाली झाकले गेले. ते आता स्वतंत्रपणे अभ्यासले जात आहेत.

असे असूनही भारतीय भाषांना मुद्रणाच्या पातळीवर आणण्यात आणि देशी भाषा ही गंभीर अभ्यासाचा विषय आहे हे दाखवून देण्यात त्यांचा वाटा निर्विवाद आहे. ख्रिस्ती चिकाटीचा त्यांनी लावलेला अर्थही लक्षणीय आहे. यश देवाच्या हाती असल्याने माणसाने स्वस्थ बसावे, असे त्यांनी मानले नाही. आणि यश आपल्याच श्रमांचे आहे, असेही मानले नाही. फळ लांबले तरी ठरलेले काम ठरल्या वेळी करीत राहणे हाच त्यांच्या लेखी विश्वासाचा पुरावा होता.

स्मृती

श्रीरामपूर कॉलेज आजही चालू आहे. श्रीरामपूरच्या सिनेटमार्फत भारतातील अनेक ईश्वरविज्ञान विद्यालयांतील विद्यार्थ्यांना पदव्या दिल्या जातात. कॅरी यांच्या आगमनास दोनशे वर्षे झाल्याच्या वर्षी, १९९३ मध्ये, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट प्रसिद्ध केले. श्रीरामपूर येथील मिशनच्या दफनभूमीत कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या तिघांची थडगी आहेत.